विद्या आणि बोध

देव कोणास कळतो, ग्रंथ पढलेल्यास की त्याला शरण गेलेल्यास, हा प्रश्न महाराष्ट्राला संतांच्या काळापासून परिचित आहे. ख्रिस्ती धर्मातही तो आरंभापासून आहे. येशूचे पहिले काही शिष्य मासे धरणारे कोळी होते. पौल मात्र गमलिएलाच्या पायांशी शास्त्र शिकलेला पंडित होता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी हाच प्रश्न दिल्लीत नव्याने उभा राहिला.

काश्मिरी दरवाजापाशी सेंट स्टीफन्स कॉलेजची जुनी वास्तु आजही उभी आहे. केंब्रिजच्या मिशनने १८८१ साली हे कॉलेज काढले. १९०४ साली चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज तेथे अध्यापक म्हणून आले. ते पेम्ब्रोक कॉलेजचे फेलो, धर्मशास्त्राचे जाणते आणि दीक्षित धर्मगुरु. त्याच वर्षाच्या अखेरीस पंजाबातील रामपूर गावी, शीख घराण्यातील सुंदरसिंग या पंधरा वर्षांच्या मुलास येशूचे दर्शन घडले, असे तो पुढे सांगत असे. १९०५ साली सिमल्यास त्याचा बाप्तिस्मा झाला आणि लवकरच भगवी वस्त्रे लेऊन तो अनवाणी फिरू लागला.

सिमल्याच्या डोंगरात या दोघांची गाठ पडली व स्नेह जडला. पुढे लाहोरच्या धर्मशास्त्र विद्यालयात सुंदरसिंग दाखल झाले. पण तेथे ते काही महिनेच रमले. प्रवचनाचा परवाना मिळाला, तोही त्यांनी परत केला. कारण त्यामुळे त्यांचा संचार एकाच धर्मप्रांतापुरता मर्यादित झाला असता. तथापि हा विद्येचा तिरस्कार नव्हता. त्यांनी स्वतः उर्दूत पुस्तक लिहिले. आणि ऑक्सफर्डचे विद्वान स्ट्रीटर यांनी ए. जे. अप्पासामी यांच्यासह १९२१ साली त्यांच्यावर अभ्यासग्रंथ प्रसिद्ध केला. पदवी नसलेल्या साधूचा बोध समजून घेण्यास पंडित बसले होते.

दिल्लीत हीच कसोटी वेगळ्या रूपाने लागली. १९०६ साली कॉलेजचे प्राचार्यपद रिकामे झाले. ते इंग्रजाकडेच जावे, असा अनेकांचा कल होता आणि अँड्र्यूज यांचे नाव पुढे होते. परंतु सुशीलकुमार रुद्र १८८६ पासून तेथे शिकवीत होते. ज्येष्ठाला डावलून केंब्रिजच्या शिक्क्याला मान देणे अँड्र्यूज यांना अन्यायाचे वाटले. त्यांनी रुद्र यांचाच आग्रह धरला, आणि रुद्र पहिले भारतीय प्राचार्य झाले. १९१५ साली दिल्लीस आलेले गांधीजी त्यांच्याच घरी उतरले.

महाराष्ट्रातही रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली मिशनच्या वेतनाचा त्याग करून ‘देवाचा दरबार’ उभारला. तेही पंडित, पण अखेरचा आधार त्यांनी भक्तीत शोधला.

सुंदरसिंग १९२९ साली तिबेटच्या वाटेला लागले, ते परतले नाहीत. १९३४ साली अँड्र्यूज यांनी त्यांच्या आठवणींचे पुस्तक लिहिले. एके काळी केंब्रिजमध्ये इतरांना शिकविणाऱ्या विद्वानाने एका अनवाणी मित्राला वाहिलेली ती आदरांजली होती. विद्येने ग्रंथाचा अर्थ उकलतो. परंतु दुसऱ्यापुढे नम्र होण्याचे बळ ज्यातून येते, तो बोध कोणत्याही विद्यापीठाच्या पदवीत मावत नाही.