पन्हाळ्याची वाट दाखवली कोणी?

आपले सोलापूर सपाटीवरचे. डोंगर म्हणायचा तर तुळजापूरचा घाट, तोही गाडीने पाच-दहा मिनिटांत संपतो. त्यामुळे सोलापूरच्या माणसाला सह्याद्रीत रात्र काढायची हौस आली, की आधी मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापूर गाठावे लागते. तिथून पन्हाळा वीस किलोमीटर. दर जुलैत आपल्याकडची मंडळीही पाठीवर पिशव्या टाकून तिथे जातात आणि पन्हाळा ते पावनखिंड ही वाट चालतात. कोल्हापूरच्या अनेक संस्था या पदभ्रमण मोहिमा काढतात. सुमारे पन्नास किलोमीटरची चाल, दोन दिवस, मध्ये करपेवाडी-आंबेवाडीच्या परिसरात एक मुक्काम. पुढे वाटाड्या, मागे रांग.

ही वाट ज्या रात्रीची आठवण म्हणून चालतात, ती 12 जुलै 1660 ची. तिथी आषाढ वद्य प्रतिपदा. आपल्या जिल्ह्याला ही तिथी चटकन उमगेल. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो, वारकरी घराकडे वळतात, त्याच्या दुसऱ्या दिवसाची ही रात्र. आभाळ फाटलेले नसते तर चांदणे लख्ख पडले असते. शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले ते अशा रात्री. बरोबर सहाशेच्या आसपास मावळे, त्यांत बांदलांचे लोक आणि बाजीप्रभू देशपांडे. राजदिंडीने गड उतरून मसाई पठारावरून ते विशाळगडाकडे गेले, असे मानतात. पुढे घोडखिंडीत काय घडले ते आपण शाळेत शिकलो. त्या खिंडीची पावनखिंड झाली.

मला मात्र खिंडीच्या अलीकडच्या वाटेचे कुतूहल जास्त. तारखा पाहा. पन्हाळा महाराजांच्या हाती आला 28 नोव्हेंबर 1659 ला, म्हणजे अफझलखानाच्या वधानंतर अठरा दिवसांनी. मार्च 1660 मध्ये वेढा पडला. म्हणजे हा मुलूख मोकळेपणाने पायाखाली घालायला जेमतेम तीन-चार महिने मिळाले, तेही उन्हाळ्याच्या अलीकडचे. बांदलांचे मावळे हिरडस मावळातले, भोरकडचे. त्यांचे डोंगर वेगळे, ओढे वेगळे. कोरड्या हंगामात पाहिलेली वाट आषाढात ओळखूसुद्धा येत नाही. मग रात्री, पावसात, पालखी घेऊन सहाशे माणसांना नेले कोणी?

हेरांनी वाट आधी हेरून ठेवली होती असे सांगतात, ते पटण्यासारखे आहे. पण हेरालासुद्धा वाट गावकरीच सांगतो. गडाखालच्या वाड्यांतली, धनगरवाड्यांवरची माणसे या कामात असल्याशिवाय ते पार पडले नसते, असे माझे मत आहे. शिवा काशीद हा गडाच्या पायथ्याच्या नेबापूरचाच. तो महाराजांच्या वेषात दुसऱ्या पालखीत बसला आणि प्राणाला मुकला, म्हणून त्याचे नाव राहिले. वाट दाखवणारे जिवंत घरी परतले असतील, बहुधा म्हणूनच त्यांची नावे राहिली नाहीत!

मसाई पठारावर गेलात की वाटाड्याची किंमत कळते. जांभ्या दगडाचे लांबच लांब सपाट रान. सोलापूरकराला वाटते, ही तर आपली जमीन, इथे काय चुकायचे? पण धुके उतरले की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. चढ-उतार असला तर पायांना दिशा कळते, सपाटीवर तीही सोय नाही. आम्ही गेलो तेव्हा पुढे एक वयस्क धनगर होता. डोक्यावर इरले, हातात काठी, विजेरी नाहीच. ओढा आला की आधी काठी पाण्यात घाली, मग थांबून पाण्याचा आवाज ऐके आणि चार पावले वर किंवा खाली जाऊन रांगेला हात करी. आमच्यातल्या एकाकडे मोबाइलवर नकाशा होता. नकाशात तो ओढा होता, त्यातले पाणी नव्हते.

हौसेने आणि शिस्तीने डोंगरात जाण्याची रीत आपल्याकडे तशी अलीकडची. मुंबईत गिरिविहार ही संस्था 1954 मध्ये निघाली. एव्हरेस्ट सर झाले त्याच्या पुढच्याच वर्षी, आणि दार्जिलिंगची गिर्यारोहण संस्थाही त्याच वर्षीची. पुण्याकडे गो. नी. दांडेकरांनी कितीजणांना गडांवर नेले आणि नुसते लिहूनही किती जणांना चालायला लावले! ‘माचीवरला बुधा’मध्ये त्यांनी नायक केला तो राजमाचीवरच्या माणसाला, हे मला फार मोलाचे वाटते.

आता गर्दी झाली आहे. काही चमू ध्वनिक्षेपक घेऊन येतात, मुक्कामाच्या गावात सकाळी प्लॅस्टिकचा खच पडलेला असतो. साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेसाठी सरकारने 2018 मध्ये नियम काढले, 2021 मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. ते हवेच होते. 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतले, त्यांत पन्हाळा आहे. विशाळगड नाही आणि दोहोंमधली वाट तर कुठल्याच यादीत बसणारी नव्हे.

मुक्कामाच्या रात्री चुलीजवळ आमचा वाटाड्या बसला होता. त्याचा मुलगा कोल्हापुरात कारखान्यात, नातू शाळेत. या वाटेला कोणी येत नाही आता घरचे, म्हणाला. तुम्हाला वाट दाखवली कोणी, असे मी विचारले. महाराजांचे नाव घेईल असे वाटले होते.

“आज्यानं,” तो म्हणाला. “म्हशी चुकल्या की हुडकायला हिकडनंच यायचा.”