मोटार-विम्यातील ऐच्छिक भाग आणि किल्लारीचा दाखला

मोटार-विम्याचे दोन भाग दोन भिन्न तत्त्वांवर उभे आहेत. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील त्रयस्थ-विम्याची सक्ती १ जुलै १९४६ पासून अंमलात आली व १९८८ च्या कायद्याने ती कायम ठेवली. परक्यास होणाऱ्या हानीची तरतूद अशी बंधनकारक झाली. स्वतःच्या वाहनाच्या हानीची तरतूद मात्र मालकाच्या इच्छेवर राहिली. ही इच्छा बहुधा आठवणीच्या आधाराने चालते. जे कधी घडल्याचे ऐकिवात नाही, त्यासाठी हप्ता भरणे व्यर्थ वाटते.

या समजुतीची मर्यादा किल्लारीने दाखवून दिली. तत्कालीन भूकंप-नकाशात हा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात गणला जात होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. २००२ च्या सुधारित नकाशात पहिला विभागच उरला नाही आणि किल्लारी तिसऱ्या विभागात गेली. धोका पूर्वीही होता; त्याची नोंद तेवढी नव्हती.

तथापि प्रत्येक जोड-संरक्षण विकत घ्यावे, असा याचा अर्थ नव्हे. भूकंप व पूर यांनी वाहनाची होणारी हानी सर्वसमावेशक विमापत्रात मुळातच अंतर्भूत असते; केवळ त्रयस्थ-विम्यात ती नसते. घसारा न कापता भरपाई देणारे संरक्षण प्रामुख्याने नव्या गाडीस उपयुक्त होय. जी हानी स्वतःच्या मिळकतीतून सोसता येईल, तिचा हप्ता वाचवावा. जी सोसवणार नाही तिच्यासाठी, ती पूर्वी घडलेली नसली तरी, तो भरावा.