मेबॅकची कोल्हापूर प्रत

गोंदिया शहराला लागून असलेल्या मुर्रीत राहणाऱ्या आमच्यासारख्यांना कोल्हापूर हे खरोखरच राज्याचे दुसरे टोक वाटते. महाराष्ट्र एक्स्प्रेस ही दोन टोके जोडते. सकाळी गोंदियाला गाडीत बसावे, नागपूर, अकोला, भुसावळ, मनमाड, दौंड, पुणे, मिरज असे करीत दुसऱ्या दिवशी कोल्हापूर गाठावे. सुमारे साडेतेराशे किलोमीटरच्या या प्रवासात राज्याची हद्द एकदाही ओलांडावी लागत नाही. धान लोंबीवर आलेले असताना, दसऱ्याच्या तोंडावर आम्ही हा प्रवास केला तो एका मोटारगाडीसाठी, हे सांगताना थोडा संकोच वाटतो. साहित्याच्या विद्यार्थ्याने जुन्या पोथ्यांच्या मागे जावे, मोटारींच्या मागे का जावे, असा प्रश्न कोणीही विचारील. पोथीचा शोध आणि जुन्या गाडीचा शोध यांत आम्हांला वाटले होते त्यापेक्षा पुष्कळ अधिक साम्य आहे, हेच या लेखात मांडावयाचे आहे.

ही गाडी म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक. विजयादशमीच्या संध्याकाळी अंबाबाई आणि तुळजाभवानी यांच्या पालख्या दसरा चौकात येतात, छत्रपती घराण्यातील मंडळी नव्या राजवाड्यावरून मेबॅकमधून तेथे येतात, शमीपूजन होते आणि मग सोने लुटण्यासाठी एकच झुंबड उडते. जमलेल्यांपैकी बहुतेकांच्या दृष्टीने मेबॅक ही या सोहळ्यातील एक नेहमीची वस्तू असते, चौघड्यासारखी किंवा अब्दागिरीसारखी. या गाडीच्या जातकुळीतल्या किती गाड्या जगात उरल्या आहेत, हे मात्र त्यांच्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल.

मेबॅक या नावामागचा इतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. विल्हेल्म मेबॅक आणि त्यांचे चिरंजीव कार्ल यांनी १९०९ मध्ये जर्मनीत हा कारखाना काढला तो मोटारींसाठी नव्हे, तर झेपेलिन या प्रचंड हवाई जहाजांना इंजिने पुरविण्यासाठी. पुढे तो फ्रीडरिक्सहाफेन येथे स्थिरावला. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या विमानविद्येवर बंधने घातली आणि इंजिने करणाऱ्या हातांना दुसरे काम शोधावे लागले. १९२१ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मेबॅकची पहिली मोटार लोकांसमोर आली. त्यानंतर सुमारे वीस वर्षांत या कारखान्याने सगळ्या मिळून अठराशेच्या आसपास गाड्या बनविल्या. आज त्यांपैकी साधारण एकशेसाठ शिल्लक असल्याचे मानले जाते. दुसरे महायुद्ध सुरू होताच मोटारी मागे पडल्या, आणि याच कारखान्याच्या इंजिनांवर टायगर व पँथर हे रणगाडे धावू लागले. राजेरजवाड्यांच्या मिरवणुकीतील गाडी आणि युरोप तुडविणारा रणगाडा यांचे कूळ एकच आहे, ही गोष्ट सोहळ्याच्या आनंदातही विसरता येत नाही.

मेबॅकच्या गाड्यांचे साधारण दोन वर्ग करता येतात. १९३० च्या सुमारास आलेली बारा सिलिंडरांची ‘झेपेलिन’ ही अतिभव्य गाडी, आणि १९३५ नंतरची सहा सिलिंडरांची एसडब्ल्यू मालिका. या मालिकेत इंजिनाचे आकारमान ३.५ लिटरवरून ३.८ आणि पुढे ४.२ लिटर असे वाढत गेले. पण शक्ती मात्र १४० अश्वशक्तीच राहिली. याचे कारण मोठे बोलके आहे. त्या काळात जर्मनीत मिळणाऱ्या इंधनाचा दर्जा घसरत होता, आणि तेवढीच शक्ती मिळविण्यासाठी इंजिन मोठे करावे लागत होते. युद्धाच्या तयारीला लागलेल्या देशाची अर्थव्यवस्था अशी इंजिनाच्या मोजमापातही उमटलेली दिसते. इतिहासाचे साधन म्हणून यंत्राचे महत्त्व हेच की, ते आपल्या काळाविषयी न बोलताही बोलून जाते.

आता मुख्य मुद्दा. अशा गाडीची ‘शिल्लक राहिलेली प्रत’ म्हणजे नेमके काय? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मेबॅक कारखाना सहसा पूर्ण गाडी विकत नसे. तो चेसिस, म्हणजे चाके, इंजिन आणि सांगाडा एवढेच देई, आणि वरचा साज दुसरा कारागीर चढवी. बहुतेक वेळा हा कारागीर म्हणजे राव्हेन्सबुर्ग येथील श्पोन हा कारखाना असे. त्यामुळे एकाच नमुन्याच्या दोन गाड्या तंतोतंत सारख्या असतीलच असे नाही. ग्रंथ एकच, पण लेखक निराळा, कागद निराळा, समासातील वेलबुट्टी निराळी. असाच हा प्रकार. त्यात पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत इंजिन बदलले जाते, पत्रा कुजला म्हणून नवा ठोकला जातो, एका गाडीचे दिवे दुसरीला लागतात. दोन मोडक्या गाड्यांतून एक धडकी गाडी उभी राहते, आणि क्वचित एकाच गाडीच्या दोन तुकड्यांतून दोन ‘अस्सल’ गाड्याही निर्माण होतात.

आमच्या वाचकांना येथे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. १९१९ मध्ये सुरू झालेले आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेले ते चिकित्सित आवृत्तीचे काम बाराशेहून अधिक हस्तलिखितांच्या आधाराने झाले. विष्णु सीताराम सुकथनकरांनी सिद्ध केलेले आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले. म्हणजे कोल्हापुरात मेबॅक आली तो आणि पुण्यात पाठभेद तपासले जात होते तो काळ जवळजवळ एकच. सुकथनकरांनी पोथ्यांची कुळे पाडली, कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून आली याचा माग काढला. जुन्या गाड्यांचे अभ्यासक नेमके हेच करतात. चेसिसवर ठोकलेला क्रमांक ही त्यांची पुष्पिका. इंजिनावरचा क्रमांक तिच्याशी जुळतो की नाही, हा पहिला पाठभेद. साज चढविणाऱ्या कारागिराची पितळी पट्टी, नोंदणीचे पुस्तक, संस्थानच्या दप्तरातील खर्चाच्या नोंदी, मिरवणुकीची छायाचित्रे हे सर्व साक्षीपुरावे. जेथे ही साखळी तुटते तेथे कुटुंबातील आठवण पुढे येते. आणि आठवण ही सर्वांत गोड, पण सर्वांत बेभरवशाची साक्षीदार असते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे पटियाळ्याची मेबॅक. महाराजा भूपिंदरसिंग १९३५ मध्ये जर्मनीला गेले असता हिटलरने त्यांना ही गाडी भेट दिली, अशी कथा त्या घराण्यातून सांगितली जाते. १९३८ मध्ये महाराजांचे निधन झाले, पुढे युद्ध पेटले, शत्रूच्या देशाची गाडी म्हणून ती मोतीबागेत दडवून ठेवली गेली, स्वातंत्र्यानंतर बाहेर आली आणि हातोहात फिरत अखेर परदेशी गेली, असा त्या कथेचा पुढचा भाग. कथा रंजक आहे, आणि तिच्यातील बराच भाग खराही असेल. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध व्हावे अशी एक गोष्ट तिच्यात आहे. देणाऱ्याचे नाव जितके कुप्रसिद्ध तितकी वस्तूची किंमत बाजारात चढते. ज्या कथेने किंमत वाढते त्या कथेला कागदाचा आधार अधिक कठोरपणे मागितला पाहिजे. प्रक्षेप हे काही केवळ महाकाव्यांतच होतात असे नाही.

दुसरे उदाहरण आपल्याच भाषेच्या घराण्यातले. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पीकडून माणिकबाग हा आधुनिक धर्तीचा राजवाडा बांधून घेतला. अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कारखान्याची एक गाडीही त्यांनी बनवून घेतली. तिचा साज लंडनच्या गर्नी नटिंग यांनी चढविला, आणि रंग नारिंगी व काळा. ड्यूसेनबर्गच्या जे नमुन्याच्या सगळ्या मिळून ४८० च्या आसपास गाड्या झाल्या. त्यांतही होळकरांची ही एकमेव. ती आज सुरक्षित आहे, नामांकित आहे, प्रदर्शनांत पारितोषिके मिळवीत आली आहे. पण ती अमेरिकेत आहे. इंदूरच्या रस्त्यांशी, तेथल्या मराठी माणसाच्या बोलण्याशी तिचा काही संबंध उरलेला नाही. प्रत वाचली, संदर्भ हरवला.

कोल्हापूरच्या मेबॅकचे महत्त्व आम्हांला येथे जाणवते. ती छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली. राजर्षी शाहू महाराजांनंतर १९२२ मध्ये गादीवर आलेले राजाराम महाराज १९४० मध्ये निवर्तले. त्यांच्याच अमदानीत कोल्हापूरचा विमानतळ झाला, आणि त्यांच्याच अमदानीत, १९३९ मध्ये, माधवराव बागल आणि रत्नाप्पा कुंभार प्रभृतींनी प्रजापरिषदेच्या झेंड्याखाली जबाबदार राज्यपद्धतीची मागणी लावून धरली. या दोन गोष्टी एकत्रच वाचल्या पाहिजेत. जगभर मंदीचा फेरा आलेल्या त्या दशकात शेतसारा भरणाऱ्या रयतेला संस्थानिकांच्या मोटारी कशा दिसत असतील, याची कल्पना करणे अवघड नाही. गाडीच्या वैभवाचे वर्णन करताना ही बाजू झाकणे म्हणजे पोथीतील नकोसे श्लोक गाळण्यासारखे होईल.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाले, आणि देशभरच्या राजवाड्यांतील वस्तूंची पांगापांग वाढली. मोटारी त्यात आघाडीवर होत्या, कारण त्या ठेवणे महाग आणि विकणे सोपे. पुढे निर्यातीवर निर्बंध आले. १९५० पूर्वीची गाडी आज मनास येईल तशी देशाबाहेर नेता येत नाही. पण तोवर पुष्कळ काही गेले होते. अशा काळात एखादी गाडी आपल्या गावी, आपल्या घराण्याकडे आणि मुख्य म्हणजे आपल्या कामात राहिली, ही सामान्य घटना नव्हे.

कायद्याचीही येथे गंमत आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार हस्तलिखित पंचाहत्तर वर्षांचे झाले की पुरावस्तू ठरते, इतर वस्तूंना मात्र शंभर वर्षे थांबावे लागते. १९३० च्या दशकातील गाडी त्या मर्यादेच्या उंबरठ्यावर आहे. दुसरीकडे २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल करून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली. तिची अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी. चेसिस, साज किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. शिवाय अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर यावी. नियम समजण्याजोगा आहे. पण ‘मूळ स्वरूप’ हा शब्द लिहिताना नियम करणाऱ्यांना सुकथनकरांची आठवण झाली असती तर बरे झाले असते. मूळ प्रत कोणाच्याच हाती नसते. हाती असते ती परंपरेने आलेली प्रत, तिच्यावरच्या दुरुस्त्यांसह.

आणि या दुरुस्त्या कोणी केल्या? फ्रीडरिक्सहाफेनहून सुटे भाग येणे तर युद्धातच बंद झाले, आणि १९६० मध्ये तो कारखाना डाइमलर-बेंझच्या ताब्यात गेला. त्यानंतर अशी गाडी चालती ठेवायची म्हणजे गावातल्या मिस्त्रीनेच तिचा भाग ओतायचा, कातायचा आणि बसवायचा. कोल्हापूरला ही विद्या नवीन नाही. याच गावात बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः बनविला, याच गावात ओतशाळांचा मोठा उद्योग उभा राहिला. पोथीच्या शेवटी लेखकू निदान आपले नाव आणि चुकीबद्दल क्षमायाचना लिहून ठेवतो. गाडी दुरुस्त करणाऱ्याला पुष्पिका नसते. नामांकित गाड्यांवरच्या चकचकीत पुस्तकांत मालकांची वंशावळ असते, साज चढविणाऱ्या युरोपीय कारखान्यांची नावे असतात. तिला ऐंशी वर्षे जिवंत ठेवणाऱ्या हातांची नावे नसतात. शिल्लक प्रतींच्या या इतिहासातला आम्हांला सर्वांत मोठा वाटलेला गळीत पाठ हाच.

दसरा चौकात आम्ही गर्दीत बरेच मागे होतो. गाडी आली तेव्हा लोकांच्या खांद्यांमधून तिचा थोडासा भाग दिसला, तेवढाच. आमच्या शेजारच्या बाईंनी कडेवरच्या मुलाला ती दाखविली आणि नाव सांगितले. त्या मुलाला झेपेलिन, व्हर्साय आणि श्पोन यांतले काही कळण्याचे कारण नव्हते. पण संग्रहालयातील काचेआडच्या वस्तूला जे लाभत नाही ते या गाडीला त्या क्षणी लाभले, असे आम्हांला वाटले. पोथीही शेवटी कोणीतरी पुढच्या पिढीला वाचून दाखविली म्हणूनच टिकते. सोने लुटून झाले, आपट्याची पाने खिशात घेऊन आम्ही स्टेशनकडे निघालो. मुर्रीला घरी पोहोचेपर्यंत ती वाळली होती. पण दसऱ्याचे सोने वाळले तरी देता येते.