चादरीखालचं बदक

सप्टेंबर १९२५. स्वित्झर्लंडमधल्या एका घरात तुम्ही भिंतीला टेकून उभे आहात. तुम्ही कुणालाच दिसत नाही, आणि ते बरंच आहे. या वयाचं मूल परक्या चेहऱ्याला बुजतं. तुम्ही दिसलात तर रडारड सुरू होईल आणि पाहायला आलात ते राहूनच जाईल.

अंथरुणात झाकलीन आहे. आठ महिने पुरे व्हायला तिला दोन-तीन दिवस कमी आहेत. शेजारी तिचे वडील, २९ वर्षांचे मानसशास्त्रज्ञ झां पियाजे. लेकीच्या बारीकसारीक हालचाली ते टिपून ठेवतात. तिची आई व्हॅलेंटाइनही मानसशास्त्र शिकलेली आहे आणि या निरीक्षणांत तिचाही हात आहे.

पांघरुणावर सेल्युलॉइडचं बदक आहे. झाकलीन हात पुढे करते, पकडणार इतक्यात बदक घसरतं आणि चादरीच्या घडीमागे जातं. तिच्या हातापासून अगदी जवळ. ते घसरताना तिने पाहिलंय. दिसेनासं झालं तशी ती थांबते. शोध नाही, तक्रार नाही. वडील बदक काढून पुन्हा समोर धरतात, ती हात लावणार तेवढ्यात तिच्या देखत चादरीखाली सरकवतात. ती लगेच हात मागे घेते. मग ते तिचा हात धरून चादरीवरूनच तिला बदक पकडायला लावतात. मुठीत बदक आहे, ती ते क्षणभर हलवतेही. पण चादर उचलावी हे तिच्या मनात येत नाही.

इथे जरा रेंगाळा. तुमच्या दृष्टीने बदक चादरीखाली आहे. तिच्या दृष्टीने, पियाजे म्हणतात, ते उरलेलंच नाही. तुम्ही पुढच्या काळातून आला आहात, त्यामुळे पियाजेंना अजून ठाऊक नसलेली एक गोष्ट तुम्हाला माहीत आहे. १९८५ मध्ये रेने बायार्जों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच महिन्यांच्या बाळांच्या नजरेवर पाळत ठेवली. झाकलेल्या वस्तूच्या आरपार पडदा गेल्यासारखा दिसला, की बाळं त्याकडे जास्त वेळ टक लावून पाहत. हाताला शोधायला जमण्याआधीच डोळ्यांना काहीतरी उमगलेलं असतं, असा त्याचा अर्थ. मला ही दुरुस्ती मोलाची वाटते, पण तिच्यामुळे चादरीवर थबकलेला तो हात खोटा ठरत नाही.

नोव्हेंबरमध्ये पुन्हा डोकावा. आता ती लपवलेला खेळण्यातला पोपट हुडकून काढते. वडिलांनी दोनदा तो गादीखाली डावीकडे लपवला, दोन्ही वेळा तिला सापडला. तिसऱ्यांदा तिच्या डोळ्यांसमोर उजवीकडे लपवला, तरी ती डावीकडेच शोधते! बुवा-कुक खेळताना बाळं खिदळून खिदळून बेजार होतात ती याच सुमारास. गेलेला चेहरा परत येतो, ही अजून रोजची खात्री झालेली नसते.

मे १९२६. झाकलीन सोळा महिन्यांची. अधूनमधून भेटणारा एक दीड वर्षाचा मुलगा लहान मुलांच्या कठड्यात ठेवलाय आणि बाहेर पडण्यासाठी थयथयाट करतोय: किंचाळतो, कठडा ढकलतो, पाय आपटतो. झाकलीन थक्क होऊन पाहत उभी राहते. तिने असलं काही कधी पाहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला कठड्यात ठेवलं, तर ती किंचाळते, कठडा हलवू पाहते आणि हळूच पाय आपटते, दोन-चारदा, ओळीने. काल पाहिलेला मुलगा आज समोर नाही, तरी तो तिच्या आत आहे. माझ्या मते या घरातली सगळ्यात मोठी घटना हीच. नजरेआड झालेलं माणूस आता मनात राहू शकतं. म्हणूनच आता त्याची आठवण येऊ शकते, त्याच्यासाठी जीव कासावीस होऊ शकतो.

घाईने १९३२ च्या वसंतात या. झाकलीनची धाकटी बहीण ल्युसिएन पाच वर्षांची व्हायला आलीय. आज ती दुपारी झोपली नाही, आणि ठामपणे सांगते की मी झोपले नाही, म्हणजे दुपार झालेलीच नाही. तिचा काळ तिच्या दिनक्रमाला बांधलेला आहे, घड्याळाला नाही. हे नीट लक्षात ठेवा, पुढच्या मुक्कामी लागेल.

लंडन, १९४९. लहान मुलांच्या वॉर्डांत आईबापांना भेटायची वेळ किती? गाय्ज हॉस्पिटलमध्ये रविवारी दोन ते चार. सेंट थॉमसमध्ये पहिला महिना भेट नाहीच; संध्याकाळी सात ते आठ मूल झोपलेलं असताना पाहून जायचं. वेस्ट लंडन हॉस्पिटलमध्ये भेट अजिबात नाही. यात दुष्टपणा नव्हता. आई येऊन गेली की मूल रडतं आणि न आली की गप्प राहतं, म्हणजे ते रुळलं, असं परिचारिका मनापासून मानत.

तीन वर्षं पुढे या आणि संशोधक जेम्स रॉबर्टसन यांचा मूकपट पाहा. अडीच वर्षांची व्हायला आलेली लॉरा बेंबीच्या हर्नियासाठी आठ दिवस रुग्णालयात आहे. ती फार सोशिक आहे, हंबरडा फोडत नाही. मधूनच, कुणाचं लक्ष नसताना, आई कुठे आहे विचारते आणि ओठ घट्ट मिटते. उद्या आई येईल, असं तिला सांगून उपयोग काय? ल्युसिएन पाच वर्षांची होत आली तरी तिला दुपार कळत नाही. लॉरा तर तिच्या निम्म्या वयाची. आई आहे हे तिला पक्कं कळतं, पण कधी येणार हे कळायला काळ हाताशी नाही. घरी निघताना ती आपल्या सगळ्या वस्तू गोळा करते आणि आईचा हात धरत नाही.

असं मूल आधी निषेध करतं, मग हताश होतं, मग अलिप्त होतं, हे रॉबर्टसन आणि मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी सांगत होते. ज्याला वॉर्ड ‘रुळणं’ म्हणत होता ती ही अलिप्तता. आपणही ऑफिसला निघताना मुलाला बाल्कनीत कावळा दाखवायला पाठवतो, त्याची नजर चुकवून सटकतो आणि ‘नंतर रडलं नाही हं’ ऐकून निश्चिंत होतो. कृपा करून सांगून निघा. रडू द्या.

लॉराचा चित्रपट पाहून अनेक डॉक्टर खवळले. बालरोगतज्ज्ञ डर्मॉड मॅकार्थीही चिडले होते. पण आपल्या अमरशॅमच्या वॉर्डात परतल्यावर त्यांना तिथली मुलं वेगळी दिसू लागली, आणि तिथे आया मुलांजवळ राहू लागल्या. सरकारने नेमलेल्या प्लॅट समितीने १९५९ मध्ये भेटीवरची बंधनं उठवावीत आणि पाचाच्या आतल्या मुलांजवळ आईला राहू द्यावं, अशी शिफारस केली. शिफारस झाली तरी कित्येक वॉर्डांची दारं तशीच बंद होती. म्हणून १९६१ मध्ये बॅटरसीतल्या काही आयांनी आपली संघटना काढली आणि रुग्णालयांना विचारायला लागल्या: तुमच्याकडे आई कधी येऊ शकते, आणि रात्री राहू शकते का?