पेनिसिलिनाच्या उत्पादनातील अडसर

रासायनिक उत्पादनाच्या साखळीत सर्वांत कमी क्षमतेचा टप्पा सबंध कारखान्याचा वेग ठरवितो. तेथील अडसर दूर केला, की पुढचा टप्पा अपुरा पडू लागतो. पेनिसिलिनाच्या निर्मितीचा इतिहास हे याचे ठळक उदाहरण होय.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये पेनिसिलिनाचा शोध लावला. परंतु अम्लाने व उष्णतेने ते लवकर नाश पावत असल्यामुळे शुद्ध स्वरूपात हाती येईना. ऑक्सफर्ड येथे १९४० च्या सुमारास नॉर्मन हीटली यांनी यावर तोड काढली. द्रव थंड ठेवून आम्लधर्मी करावयाचा, पेनिसिलिन विद्रावकात घ्यावयाचे व लगेच उदासीन पाण्यात परत आणावयाचे, अशी ही रीत होती. फ्लोरी व चेन यांच्या मानाने हीटली यांना श्रेय कमीच मिळाले.

यानंतर किण्वन अपुरे पडू लागले. बुरशी पृष्ठभागावर वाढवीत असल्याने असंख्य उथळ भांडी लागत. अमेरिकेतील पीओरिया येथे मका भिजविल्यानंतर उरणाऱ्या अर्काने उतारा वाढला. १९४३ मध्ये एका खरबुजावर अधिक उत्पादक वाण सापडला आणि १९४४ मध्ये फायझर कंपनीने ब्रुकलिन येथे खोल टाक्यांत उत्पादन सुरू केले. खोल टाकीत मात्र प्राणवायूचा पुरवठा हीच मर्यादा ठरते. वाण जोमदार असला, तर तंतूंमुळे द्रव दाट होतो व त्यात हवा सावकाश विरघळते. म्हणून मोठे संपीडक व ढवळण्याची यंत्रे लागतात. हवा निर्जंतुक नसेल, तर पेनिसिलिनाचा नाश करणारे एंझाइम निर्माण करणारे जंतू शिरून सबंध टाकी वाया जाऊ शकते.

जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने भारत सरकारने १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन केली आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले. यंत्रसामग्री मिळविता येते. उत्पादक वाण व त्यांची निगा हे ज्ञान मात्र परदेशी कंपन्या सहसा हातचे सोडत नसत. त्यामुळे पिंपरीच्या संशोधन विभागाचे महत्त्व कारखान्याइतकेच मानावे लागते. तेथे शोधलेले हॅमायसीन हे कवकनाशक ज्या सूक्ष्मजीवापासून मिळते, त्याचे नावही ‘स्ट्रेप्टोमायसीज पिंप्रिना’ असे आहे.

पुढे स्वस्त चिनी मालापुढे भारतातील पेनिसिलिन-जीचे उत्पादन टिकले नाही. ते २०२४ मध्ये आंध्र प्रदेशातील काकिनाडा येथे पुन्हा सुरू झाले.