हृदयाभोवतीचे पाणी

'हृदयात पाणी झालंय,' असे लोह्यासारख्या गावात आपण कधीतरी ऐकतो. खरे तर हे पाणी हृदयात नसते, हृदयाभोवती असते. हृदय एका दुपदरी पिशवीत असते. तिला हृदयावरण म्हणतात. दोन पदरांमध्ये 15 ते 50 मिलिलिटर द्रव असतोच. तो वंगणाचे काम करतो. तो फार वाढला की हृदयावर दाब पडतो.

या दाबाने काय होते, हे इंग्लंडच्या रिचर्ड लोअरने 1669 मध्ये सांगितले. दाबलेले हृदय पुरते फुलत नाही, त्यामुळे त्यात रक्त भरत नाही. जे भरलेच नाही ते पुढे कसे ढकलणार?

मग किती पाणी घातक? ते साठण्याच्या वेगावर ठरते. नवी चामडी चप्पल एका दिवसात सैल होत नाही, महिनाभराने होते. हृदयावरणही तसेच. झपाट्याने साठलेले 200 मिलिलिटर पाणी जीव घेऊ शकते. सावकाश साठलेले लिटरभरही काही रुग्ण सोसतात.

1840 मध्ये व्हिएन्नाच्या फ्रान्झ शू यांनी छातीत पोकळ नळी खुपसून हे पाणी काढले. रुग्ण तरुण स्त्री होती. तिच्या छातीत कर्करोगाची गाठ होती. पाणी निघाले, पण गाठ राहिली आणि पुढे ती दगावली. त्या काळी नळी अंदाजानेच घालावी लागे. हृदयालाच भोक पडण्याची भीती असे. 1965 मध्ये अमेरिकेच्या हार्वे फायगेनबॉम यांनी ध्वनिलहरींनी हे पाणी दिसते असे दाखवले. आज सोनोग्राफीत पाहत सुई घालतात.

सुई तीच, पण पुढची वाट वेगळी. आपल्या देशात या पाण्यामागे अनेकदा क्षयरोग असतो. तो औषधांनी बरा होतो. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात. कर्करोगात पाणी पुन्हा साठण्याचा संभव मोठा. म्हणून नळी काही दिवस आत ठेवतात किंवा हृदयावरणाला छोटी खिडकी पाडतात. मात्र कर्करोगाच्या रुग्णातही पाण्याचे कारण कधी जंतुसंसर्ग, तर कधी किरणोपचार असू शकते.

म्हणून काढलेले पाणी तपासणीला जायलाच हवे. त्यात क्षयाचे जंतू आहेत की कर्कपेशी, ते पाहायला हवे. सुईने तातडीचा धोका टळतो. मूळ रोग ओळखला नाही, तर शूंच्या रुग्णाची गोष्ट पुन्हा घडते. विद्यार्थ्यांना हा इतिहास सांगताना आपण एवढा फरक जरूर सांगावा.