रीक्लॉकर लावल्याने घरच्या हाय-फायचा आवाज खरंच सुधारतो का?

दिवाळीत सोनईला गेलो तेव्हा मामांनी मोबाईलवर एका छोट्या डबीचा फोटो दाखवला. "ही डॅकच्या आधी लावली की आवाज मोकळा होतो म्हणतात. घेऊ का रे?" डबीचं नाव रीक्लॉकर, आणि किंमत त्यांच्या दोन्ही स्पीकरपेक्षा जास्त. उसाचा हप्ता नुकताच जमा झालेला, त्यामुळे प्रश्न नुसता गप्पांचा नव्हता.

आधी ही डबी करते काय ते बघू. सीडीच्या दर्जाचं गाणं म्हणजे प्रत्येक चॅनलला सेकंदाला ४४,१०० आकडे, म्हणजे साधारण दर २२.७ मायक्रोसेकंदाला एक. डॅक त्या आकड्यांचं व्होल्टेज करतो. कोणता आकडा नेमका कधी बाहेर काढायचा हे क्रिस्टलचं घड्याळ सांगतं. आकडा बरोबर, पण त्याची वेळ किंचित मागेपुढे झाली, तर त्याला जिटर म्हणतात. तबलजीची लय हलावी तसं गाणं हलतं, असा याचा अर्थ नाही. मूळ सुराच्या आजूबाजूला अगदी क्षीण, नको असलेले सूर तयार होतात, एवढंच.

किती क्षीण? १६ बिटमध्ये २० किलोहर्ट्झचा पूर्ण मोठा सूर घेतला, तर सुमारे १२१ पिकोसेकंदांच्या जिटरने होणारी चूक शेवटच्या बिटाच्या अर्ध्यापर्यंत पोचते. विक्रेत्यांना हाच आकडा आवडतो. पण ते गणित झालं, कानाचं काय? १९९८ मध्ये बेंजामिन आणि गॅनन यांनी केलेल्या चाचण्यांत शुद्ध सुरावर १० नॅनोसेकंदांच्या आसपासचा जिटर ओळखता आला, संगीतात त्याहून जास्त लागला. २००५ मध्ये जपानच्या आशिहारा आणि सहकाऱ्यांना तर संगीतातला यादृच्छिक जिटर ओळखायला तयार कानांनाही काहीशे नॅनोसेकंद लागतात असं दिसलं. आजच्या साध्या, पण नीट बनवलेल्या डॅकमध्ये जिटर याच्या कितीतरी खाली असतो.

मग डबी कुठेच उपयोगी नाही का? आहे. कोएक्स किंवा ऑप्टिकल केबलमध्ये घड्याळाची वेळ आकड्यांबरोबरच येते, आणि डॅकला ती त्यातून पुन्हा शोधून काढावी लागते. पाठवणारं यंत्र सुमार आणि डॅक जुना असेल, तर रीक्लॉकरचा फरक निदान मोजता तरी येतो. यूएसबीचं वेगळं आहे. असिंक्रोनस यूएसबीमध्ये डॅकचं स्वतःचं घड्याळ मालक असतं, ते कॉम्प्युटरकडून माल लागेल तसा मागवून बफरमध्ये ठेवतं. त्याच्या आधी भारी घड्याळ लावणं म्हणजे पोस्टमनला महागडं घड्याळ देणं. पत्र तुम्ही उघडाल तेव्हाच उघडणार! मामांचा डॅक याच जातीचा.

मास्टर क्लॉकचंही तेच. स्टुडिओत अनेक यंत्रं एका ठेक्यावर चालवायची असतात, तिथे तो हवाच. घरी एकच डॅक असेल तर बाहेरून आणलेल्या घड्याळाशी जुळवून घेताना जिटर उलट वाढूही शकतो. यूएसबीमधून विजेची गुणगुण येत असेल तर तो ग्राउंडचा प्रश्न असू शकतो, त्यासाठी आयसोलेटर मिळतो. त्याचा घड्याळाशी संबंध नाही.

तरी मामांना पटेना. मग पुण्याच्या मित्राची डबी मागून आणली. मामा पाठ करून बसले, मी नाणं उडवून डबी लावायची की काढायची ते ठरवत गेलो, मधल्या वेळी ते ओट्यावर. १६ पैकी ९ वेळा त्यांनी बरोबर ओळखलं. एवढं तर नुसत्या अंदाजानेही जमतं. "पण पहिल्या दोन वेळा नक्की कळलं होतं," हे ते अजूनही म्हणतात.

त्यानंतर कोपऱ्यात दाबून ठेवलेले स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ओढले आणि समोरच्या उघड्या भिंतीवर आजीची गोधडी टांगली. घुमणारा खर्ज एकदम आवरला. (ही चाचणी पाठ करून घेतली नव्हती, हे मान्य.) डबी मित्राला परत गेली. लाईट गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरची जी गुणगुण येते, ती मात्र अजून तशीच आहे. ती पुढच्या सुट्टीत बघायचीय.